‘होडी रिकामी परतली’: रत्नागिरीतल्या मजकूर-लेखनाच्या वर्गाबद्दल

कोकणात घरगुती निवास, खानावळी आणि आंबा-कोकमाचे छोटे उद्योग वाढले, तसा त्यांना लागणारा मजकूरही वाढला. दारावरची पाटी, बाटलीवरचं लेबल, खोलीत ठेवलेलं माहितीपत्रक, पाहुण्यांना फोनवर पाठवायच्या चार ओळी. यातलं बरंचसं एकाच साच्यातून निघतं: ‘निसर्गाच्या सान्निध्यात वसलेल्या आमच्या स्वच्छ, हवेशीर, प्रशस्त व शांत खोल्यांमध्ये आपले सहर्ष स्वागत आहे.’ व्याकरणाची चूक यात नाही. पण विशेषणांची रांग आधी येते, वाचणारा ती सगळी धरून नामाची वाट पाहतो, आणि खोली येईपर्यंत पहिली दोन विसरलेला असतो.

रत्नागिरीत शनिवार-रविवारी भरणारा एक दोन दिवसांचा वर्ग एवढ्या एका गोष्टीवर काम करतो: विशेषण नामाआधी न ठेवता नंतर ठेवलं तर काय होतं, ते कुठे चालतं आणि कुठे अंगाशी येतं. रोज पाच तास, एका वर्गात पंधरा-सोळा जण, सोबत टिपणांची एक वही. येणाऱ्यांत शिक्षक असतात, निवास चालवणारे असतात, लेबलं छापून घेणारे आणि साप्ताहिकांत लिहिणारेही असतात. आमचं मत आधीच सांगतो. पहिला पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार फार चांगली आहे. दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र मुळापासून बदलायला हवी.

सुरुवात फळ्यावरच्या तीन वाक्यांनी होते:

रिकामी होडी परतली.
होडी रिकामी परतली.
होडी परतली, रिकामी.

शब्द तेच तीन. पहिल्या वाक्यात ‘रिकामी’ होडीची ओळख सांगते; कोणती होडी, तर ती रिकामी असलेली. तिचं रिकामेपण आधीच ठाऊक असल्यासारखं वाक्य पुढे जातं आणि बातमी उरते ती फक्त परतण्याची. दुसऱ्यात परतणं गृहीत धरलेलं आहे, जाळ्यात काही लागलं नाही ही बातमी. बंदरावर वाट बघणारं माणूस घरी जाऊन सांगेल ते हेच वाक्य. तिसऱ्यात स्वल्पविरामापाशी थांबावं लागतं, ‘रिकामी’ एकटी पडते आणि तिच्यावर सगळा भार येतो. शाळेच्या व्याकरणात नामाआधीच्या विशेषणाला अधिविशेषण आणि नामानंतर विधानाचा भाग होऊन येणाऱ्याला विधिविशेषण म्हणतात. परीक्षेपुरतं ओळखायला शिकवतात आणि विषय संपतो. या वर्गात तिथून पुढे जातात. नामानंतर गेलेलं विशेषण विधान होतं, आणि विधान केलं की ते खरं करून दाखवावं लागतं, हे पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांना पटलेलं असतं.

हे मराठीला नवीन नाही, हे दाखवायला म्हणी घेतल्या आहेत, आणि ही निवड अचूक आहे. दुरून डोंगर साजरे. नाकापेक्षा मोती जड. नाव मोठं, लक्षण खोटं. तिन्हींत विशेषण नामानंतर, क्रियापद कुठेच नाही, तरी वाक्य पूर्ण. ‘दुरून साजरे डोंगर’ असं म्हणून पाहा: ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो, कारण आता ते वाक्य उरलं नाही, नुसता शब्दसमूह झाला. शेजारी ‘मोठं घर, पोकळ वासा’ ठेवली की फरक आणखी उघडा पडतो. तिथे विशेषणं आधी आहेत आणि म्हण दोन वस्तू दाखवून गप्प बसते. निष्कर्ष ऐकणाऱ्यानं काढायचा. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ मात्र निकालच देऊन टाकते.

मग प्रश्न येतो, कोणतं विशेषण हलवायचं. वर्गातली कसोटी दोन शब्दांची आहे: ‘कोणता?’ आणि ‘कसा?’ जे विशेषण ‘कोणता’चं उत्तर देतं ते नामाआधीच राहू द्यायचं. जे ‘कसा’चं उत्तर देतं ते नंतर नेता येतं. ‘माडीवरची हवेशीर खोली’ यात कोणती खोली, तर माडीवरची; कशी, तर हवेशीर. म्हणून ‘माडीवरची खोली हवेशीर आहे’. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘रत्नागिरी हापूस’ किंवा ‘देवगड हापूस’ यांतला गावाचा शब्द ‘कोणता’चं उत्तर आहे, त्याला हात लावायचा नाही. आंबा रसाळ आहे की नाही ते नंतर सांगा.

ही कसोटी न लावता शब्द हलवले तर काय होतं, याची कोकणातली उदाहरणं इतकी नेमकी आहेत की वर्गाचा हा तास आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला. ‘ओला काजू’ म्हणजे हंगामातला कोवळा गर, उसळीचा, चढ्या भावाचा. ‘काजू ओला आहे’ म्हणजे माल दमट, परत न्या. ‘सुके बांगडे’ म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ‘बांगडे सुके झालेत’ म्हणजे तव्यावर जास्त वेळ राहिले. ‘कच्च्या फणसाची भाजी’ हा पदार्थ आहे, ‘फणस कच्चा आहे’ ही तक्रार. याउलट ‘फणस कापा आहे, बरका नाही’ हे अगदी सरळ वाक्य, कारण तिथे प्रकारच सांगायचा आहे. तेव्हा ‘आमच्याकडे काजू ओले मिळतील’ अशी पाटी लावणाऱ्यानं दोनदा विचार करावा. नावाचा भाग झालेली विशेषणं नावासोबतच राहतात. रत्नागिरीतच याचा मोठा नमुना आहे: मांडवीच्या बाजूचा तो ‘काळा समुद्र’, मिऱ्याच्या बाजूचा तो ‘पांढरा समुद्र’. ‘समुद्र काळा’ असं लिहिलं तर नाव जातं आणि समुद्राला काय झालं असा प्रश्न उभा राहतो.

खानावळीच्या फलकाचा सराव याच धाग्यावर आहे. ‘ताजी सुरमई’ तैलरंगात रंगवून वर्षभर ठेवता येते. तिच्यातलं ‘ताजी’ कोणी वाचत नाही. ‘आज सुरमई ताजी’ असं खडूनं लिहिलं की गिऱ्हाईक विचारतं, कधी आली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत हा शब्द नामानंतर लिहिण्याआधी स्वयंपाकघरात विचारून घ्या, असं वहीत स्वच्छ लिहिलं आहे.

याच फलकावर लिंग-वचनाचा सराव होतो. सुरमई ताजी, बांगडा ताजा, पापलेट ताजं, बोंबील ताजे, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) ताज्या. लाल, सुंदर, बारीक अशी न बदलणारी विशेषणं निवडली तर काम सोपं: कोळंबी बारीक, झिंगे बारीक. चूक होते ती आकारान्त विशेषणांत, आणि नामानंतर ती जास्त होते, कारण मध्ये शब्द शिरतात. ‘आज सकाळी खाडीतून आलेल्या तिसऱ्या मात्र खरोखरच ताजे आहेत’ अशी वाक्यं पाट्यांवर दिसतात. लिहिणाऱ्याच्या मनात ‘मासे’ असतात आणि हात ‘ताजे’ लिहून मोकळा होतो. उपाय एकच, विशेषणावर बोट ठेवून मागे जायचं आणि त्याचं नाम शोधायचं.

वहीत नसलेली एक अडचण इथे सांगायला हवी. ‘मोठी’ हे रूप दोन ठिकाणी चालतं: खोली मोठी, आणि घरं मोठी. ‘मोठे’सुद्धा दोन ठिकाणी: ग्रांथिक वळणाचं ‘घर मोठे’, आणि ‘दरवाजे मोठे’. क्रियापद असेल तर ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांवरून उलगडा होतो. क्रियापद गाळलं की तो आधार जातो. नामाचं लिंग पक्कं ठाऊक नसेल तर वाचणारा अडतोच: ‘पापलेट मोठे’ म्हणजे नपुंसकलिंगी एक की पुल्लिंगी चार? बोलीतलं ‘मोठं’ वापरलं तर ‘पापलेट मोठं’ हे एक आणि ‘पापलेटं मोठी’ ही अनेक. म्हणून क्रियापदाशिवाय लिहायचं असेल तर संपूर्ण मजकुरात अनुस्वाराची बोली रूपं ठेवावीत. अर्धा मजकूर ‘स्वच्छ घर मोठे’ आणि अर्धा ‘अंगण गार, पाणी गोडं’ असा झाला की दोन माणसांनी लिहिल्यासारखा दिसतो. वेगवेगळ्या लिंगांची नामं एका विशेषणाला बांधायचा मोहही टाळावा. शेवटच्या नामाप्रमाणे रूप लावायची रीत आहे, पण ‘ओटी, माजघर आणि पडवी मोठी’ वाचताना मोठी पडवीच वाटते. ‘ओटी मोठी, पडवी त्याहून मोठी’ असं तोडून लिहिलेलं बरं.

पाककृतीचा तास वर्गानं उगाच लहान ठेवला आहे. खरं तर मराठीत विशेषण नामानंतर अगदी सहज येतं ते स्वयंपाकात. ‘कांदा बारीक चिरा’ आणि ‘बारीक कांदा चिरा’ यांत दुसऱ्यानं सांगितलेला कांदा लहान आकाराचा आहे, फोडी कशाही असोत. ‘मिरच्या उभ्या चिरा’ बरोबर. ‘उभ्या मिरच्या चिरा’ लिहिलं की अर्थच उरत नाही. ‘सुरमई कुरकुरीत तळा’, ‘भात मऊ शिजवा’: विशेषण नाम आणि क्रियापद यांच्या मधोमध बसतं, आणि क्रिया संपल्यावर पदार्थ कसा व्हायला हवा ते सांगतं. मराठीची ही हक्काची जागा आहे. संख्येचंही तसंच. साहित्याच्या यादीत नाम पुढे, माप मागे: नारळ एक, कोकमं आठ-दहा, हिरव्या मिरच्या दोन, लसूण चार पाकळ्या, मीठ चवीपुरतं. डोळा उभा खाली उतरताना वस्तू शोधत असतो, म्हणून वस्तू आधी. ‘हिरव्या’ मात्र जागेवरच, कारण कोणत्या मिरच्या हे सांगणारा शब्द तो. यादी संपून कृती सुरू झाली की क्रम उलटतो: ‘दोन मिरच्या आणि चार पाकळ्या लसूण खोबऱ्याबरोबर वाटा.’ कृतीतही ‘मिरच्या दोन वाटा’ लिहिलं तर वाचणारा ‘दोन’पाशी ठेचकाळतो.

लेबलांचा भाग थोडक्यात पण उपयोगी. कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, आणि कोकमाचं सरबत यांच्या बाटल्या सारख्याच लाल दिसतात आणि बाहेरून आलेलं गिऱ्हाईक एकाऐवजी दुसरी उचलतं. ‘अस्सल कोकणी मधुर’ वगैरे नावाआधी लावलं की नाव बारीक अक्षरांत ढकललं जातं. नाव मोठ्या टायपात, खाली लहान टायपात विशेषणं: ‘कोकम आगळ’, खाली ‘खारट, बिनसाखरेचं’, ‘कोकम सरबत’, खाली ‘गोड, पाणी घालून प्यायचं’. छपाईच्या दृष्टीनंही हे सोयीचं, कारण नावाची ओळ सगळ्या बाटल्यांना एका मापात बसते. चौदा अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन आणि शाकाहाराचं चिन्ह ठरलेल्या नियमानंच छापायचं असतं, तिथे शैलीचा प्रश्न येत नाही.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. या सत्रात इंग्रजी लेखनवर्गांत शिकवलं जाणारं एक सूत्र जसंच्या तसं दिलं जातं: नाम, मग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये दोन विशेषणं, मग उरलेलं वाक्य. इंग्रजीत विशेषण सहसा नामाआधी येतं, त्यामुळे ते मागे नेलं की वाक्य उठून दिसतं, आणि तिथे हे सूत्र चालतं. मराठीत ते एका मर्यादेतच चालतं आणि ती मर्यादा वर्गात सांगितली जात नाही. ‘जुनं घर, कौलारू आणि ओकंबोकं, टेकडीवर उभं होतं’ हे वाचता येतं, कारण ‘घर’ला कोणताही प्रत्यय नाही. आता ‘माडांना, उंच आणि सडपातळ, वारा झोडपत होता’ हे वाक्य घ्या. कोण सडपातळ? वाचणारा क्षणभर वाऱ्याकडे पाहतो. ‘खोलीत, मोठ्या आणि हवेशीर, चार खाटा आहेत’ यात तर ‘मोठ्या’ खाटांना जाऊन चिकटतं.

कारण साधं आहे. आपल्या ‘ला’, ‘त’, ‘वर’, ‘मध्ये’ यांचं काम इंग्रजीत नामाआधी येणारे शब्द करतात, त्यामुळे नामाचा शेवट मोकळा राहतो आणि तिथे विशेषण टांगता येतं. मराठीत हे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या शेवटाला लागतात, नामाचं सामान्यरूप होतं, आणि विशेषणाला धरायला नामाचं मूळ रूप उरत नाही. रूपांची गडबडही तिथूनच सुरू होते: ‘भिंत पांढरी केली’ आणि ‘भिंतीला पांढरं केलं’ ही दोन्ही बरोबर आहेत, पण ‘ला’ लागल्याबरोबर विशेषणानं भिंतीचं लिंग सोडून नपुंसकलिंग घेतलं. नियम म्हणून एवढा सांगितला तरी पुरे: नाम प्रथमेत असेल तरच विशेषण त्याच्या मागोमाग स्वल्पविरामांत ठेवा. प्रत्यय असेल तर विशेषण नामाआधी न्या, नाहीतर दुसरं वाक्य करा. ‘माडांना वारा झोडपत होता. उंच माड, सडपातळ. बुंध्यापासून हलत होते.’ वर्गाच्या टेबलावर मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ठेवलेलं असतं. मालगुंडच्या केशवसुतांचे हे धाकटे भाऊ, म्हणजे याच किनाऱ्याशी नातं असलेलं नाव. विभक्ती आणि सामान्यरूपाची प्रकरणं उघडून ही सकाळ नव्यानं बांधली, तर वर्ग पुष्कळ वर जाईल.

याच सत्राचा परिणाम म्हणून सरावाच्या कागदांवर विशेषणांचा पूर येतो. प्रत्येक नामामागे एक स्वल्पविराम, एक विशेषण. क्रियापद गाळलेली चार-पाच वाक्यं सलग आली की मजकुराला पंचनाम्याचा किंवा वधू-वर जाहिरातीचा सूर लागतो: घर कौलारू, भिंती पांढऱ्या, दार पूर्वेला, अंगण सारवलेलं. एका परिच्छेदात अशी दोन वाक्यं पुरतात. आणि त्यांच्या आधी-नंतर क्रियापद असलेलं, थोडं लांब वाक्य हवं. स्वल्पविरामानंतर एकटं पडलेलं विशेषण तर पानाला एकच. ‘होडी परतली, रिकामी’ दुसऱ्यांदा आली की तिचा जोर संपतो.

दुपारी सगळ्यांना मांडवीच्या जेट्टीवर नेतात आणि आपला आणलेला मजकूर तिथे बसून दुरुस्त करायला लावतात. पद्धत ठरलेली आहे: सगळी विशेषणं अधोरेखित करायची, प्रत्येकाला ‘कोणता’ की ‘कसा’ विचारायचं, ‘कसा’वाल्यांतलं जे दाखवता येत नाही ते खोडायचं, उरलेल्यांतली एक-दोनच नामानंतर न्यायची, रूपं तपासायची, शेवटी मोठ्यानं वाचायचं. वाचताना जिथे दम लागतो तिथे अजून एखादं विशेषण नामाआधी अडकलेलं असतं. सुरुवातीला दिलेलं निवासाचं वाक्य या वाटेनं गेलं की असं काहीसं होतं: ‘खोल्या दोन आहेत. माडीवरची हवेशीर, तिच्या दोन्ही खिडक्या पश्चिमेला उघडतात. खालची खोली थंड, उन्हाळ्यात बरी. विहिरीचं पाणी गोडं आहे, पिण्यासाठी उकळून ठेवतो. समुद्र चालत पाच मिनिटांवर.’ ‘शांत’ खोडला, कारण सकाळी शेजारच्या गिरणीचा आवाज येतो. ‘प्रशस्त’च्या जागी खोलीचं माप लिहावं, बारा बाय चौदा असेल तर तेच. ‘स्वच्छ’ गेला, तो पाहुण्यांनी म्हणायचा शब्द.

जाणार असाल तर स्वतःचा चालू मजकूर घेऊन जा. कोऱ्या हातानं गेलेल्यांना दुपारी फारसं काही मिळत नाही. दोन ओळींच्या मध्ये जागा सोडून छापलेल्या दोन प्रती ठेवा, एक खोडायला आणि एक आधीचं रूप लक्षात राहायला. कथा-कविता लिहिणाऱ्यांसाठी हा वर्ग अपुरा आहे. पाटी, फलक, लेबल, माहितीपत्रक, पाककृती लिहिणाऱ्यांना मात्र फी वसूल होते. तपासणीत एक उणीव राहते: कागद परत येतात तेव्हा चुकीच्या रूपाखाली नुसती रेघ असते, बरोबर रूप लिहिलेलं नसतं. ‘तिसऱ्या ताजे’खाली रेघ मारून भागत नाही, शेजारी ‘ताज्या’ लिहून मागा, वर्ग चालवणारे ते तिथल्या तिथे लिहून देतात.